चार आणेवाल्यांचा कौल

१९३५ सालच्या उन्हाळ्यात मुंबईत एक बोलपट तयार होऊन पडला होता आणि वितरक त्याला हात लावायला राजी नव्हते. वाडिया मूव्हीटोनने त्यावर ८०,००० रुपये खर्च केले होते आणि सहा महिने चित्रीकरणात घालवले होते. स्टंटपट म्हणजे तेव्हा झटपट, स्वस्तात उरकायचा माल. इतका पैसा आणि वेळ त्यात कुणी घालत नसे. वितरकांची खरी अडचण मात्र खर्चाची नव्हती. पडद्यावर सोनेरी केसांची एक धिप्पाड गोरी बाई होती. अंगात आखूड विजार, पायांत उंच बूट, तोंडावर मुखवटा, हातात चाबूक. ती घोडा फेकत होती, भिंतींवरून उड्या घेत होती, पुरुषांना उचलून आपटत होती. नायक होता, पण तो तिच्या जोडीला. हिंदुस्थानी प्रेक्षक हे खपवून घेणार नाही, असा निर्णय वितरकांनी परस्पर देऊन टाकला. शेवटी जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी भागीदार बिलिमोरियांना सोबत घेऊन चित्रपट स्वतःच लावायचं ठरवलं. जूनमध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात ‘हंटरवाली’ झळकला आणि २५ आठवड्यांहून अधिक चालला.

ही हकिकत सहसा धाडसाला मिळालेल्या यशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. एक जिद्दी निर्माता, एक निडर नटी, घाबरट वितरक आणि शेवटी गल्ला. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वितरकांच्या त्या निर्णयात आहे. त्यांच्याकडे पुरावा काय होता? मुखवटा घातलेली बाई मुख्य भूमिकेत असलेला एवढ्या खर्चाचा बोलपट हिंदीत आधी पडला होता, असं नव्हतं. तसा कुणी काढलाच नव्हता. म्हणजे प्रेक्षकांबद्दलचं विधान प्रेक्षकांच्या गैरहजेरीत केलं गेलं होतं. प्रमुख भूमिकेतल्या स्त्रीला प्रेक्षक स्वीकारतील का, या प्रश्नाचा चित्रपटसृष्टीतला इतिहास मला मोठ्या प्रमाणात अशा गैरहजेरीतल्या निकालांचा इतिहास वाटतो. नकार बहुतेक वेळा खुर्चीतून येत नाही. पडदा आणि खुर्ची यांच्या मध्ये जे बसलेले असतात त्यांच्याकडून येतो. आणि खुर्चीतून होकार आला, तरी तो हिशेबात कुठे लिहायचा हेही तेच ठरवतात.

प्रेक्षकांना काय आवडत होतं हे १९३५ साली गूढ नव्हतं. पर्ल व्हाइट या अमेरिकन नटीच्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ (१९१४) आणि त्यानंतरच्या मालिकापटांनी मूकपटांच्या काळात इथल्या तंबूंतही गर्दी खेचली होती. १९२७-२८ साली सरकारने दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्यापुढच्या साक्षींतून डग्लस फेअरबँक्सच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ची अफाट लोकप्रियता पुढे आली. देशी मूकपटांतही मास्टर विठ्ठलच्या तलवारबाजीवर लोक फिदा होते. पुण्याच्या जी. पी. पवारांचा ‘दिलेर जिगर’ १९३१ चा. पुढे खाष्ट सासू म्हणून घराघरांत शिव्या खाणाऱ्या ललिता पवार त्यात साहसपटाच्या तरुण नायिका होत्या. सुलोचना म्हणजे रुबी मायर्स यांनी ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) मध्ये एकटीने आठ सोंगं घेतली होती. जमशेद वाडिया या सगळ्याचं जाणतं अपत्य. एम.ए. झालेला, कायदा शिकलेला, जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातला हा गृहस्थ घरच्यांच्या नाराजीला न जुमानता सिनेमात उतरला होता. त्याने जुगार खेळला असं म्हणतात. मला तो जुगारापेक्षा नीट वाचलेला हिशेब वाटतो.

‘हंटरवाली’ची नायिका नादिया त्याच्याकडे आली तेव्हा ती मेरी इव्हान्स होती. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. पाचेक वर्षांची असताना ती मुंबईत आली. वडील पहिल्या महायुद्धात गेले. काही वर्षं वायव्य सरहद्दीकडे काढली, तिथे ती घोड्यावर बसायला शिकली. मुंबईत परतल्यावर दुकानात विक्रेती, मादाम अस्त्रोवा यांच्या नृत्यपथकात नर्तकी, सर्कशीत कसरतपटू अशी कामं केली. लाहोरचे चित्रपटगृह-व्यवस्थापक इरुच कांगा यांनी तिची वाडियांशी गाठ घालून दिली. ‘देश दीपक’मध्ये गुलाम मुलीची चिमुकली भूमिका, मग ‘नूर-ए-यमन’मध्ये राजकन्या आणि त्याच वर्षी ‘हंटरवाली’. तिचं हिंदी कच्चं होतं, म्हणून संवाद बेताचे ठेवले गेले. उड्या मात्र सगळ्या तिच्या स्वतःच्या.

‘हंटरवाली’चं कथानक सांगायला गेलं तर ते कुठल्याही वगात खपेल असं आहे. दुष्ट वजीर रणमल राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरीशी लग्न लावू पाहतो. माधुरी रात्री मुखवटा चढवून गोरगरिबांची कैवारी बनते आणि जुलमी अधिकाऱ्यांना फोडून काढते. फेअरबँक्सच्या झोरोची छाया उघड आहे, पण चाबकाचा तो मुखवटेधारी स्वामी इथे स्त्री झाला आणि त्यामुळे चित्र एका ओळखीच्या चौकटीत जाऊन बसलं. वितरकांना परदेशी पोशाखातली मडम दिसली. स्टंटपटाच्या प्रेक्षकाला पुरुषी वेश चढवून घोड्यावर बसलेली राणी दिसली असावी, आणि तशा राण्या त्याच्या ओळखीच्या होत्या. झाशीची राणी, चांदबिबी, ताराबाई यांच्या गोष्टी, चित्रं, नाटकं, पोवाडे त्याच्या कानांवरून, डोळ्यांखालून गेलेले होते. उत्तरेकडच्या नौटंकीत तर वीरांगनांचे स्वतंत्र खेळच होत. वाडियांचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये, म्हणजे गिरणगावाच्या पोटात होता. भोवती कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार. दैत्याच्या छातीवर पाय देऊन उभी असलेली देवी ज्यांच्या कुळाचाराचा भाग, त्यांना चाबूक उगारलेली बाई अशक्य कोटीतली वाटेल हे गृहीतक मुळात आलं कुठून, हाच प्रश्न आहे. ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातून आलं आणि वितरकाने ते सगळ्या हिंदुस्थानच्या नावाने खपवलं.

पहिल्या खेळाच्या आठवणी वाडियांकडून पुढे आल्या त्या अशा, की आजपासून आपण हंटरवाली, असं माधुरी जाहीर करते तिथे स्वस्त तिकिटांच्या चार आणेवाल्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. निर्मात्याच्या घरच्या आठवणीला थोडं मीठ लागलेलं असणार, हे धरून चालू. पण २५ आठवडे आठवणीवर चालत नाहीत. बाजारात ‘हंटरवाली’ छापाचे पट्टे, चाबूक आणि काड्यापेट्या आल्या, त्याही स्टुडिओची परवानगी न घेता. नकली माल काढणारा माणूस चित्रपटसमीक्षा वाचून भांडवल गुंतवत नाही. गिऱ्हाईक कशाला हात घालेल हे त्याला समीक्षकाच्या आधी कळतं.

मग जे उभं राहिलं त्याला आजच्या भाषेत फ्रँचायझी म्हणतात. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६), ‘हरिकेन हंसा’ (१९३७), ‘लुटारू ललना’ (१९३८), ‘डायमंड क्वीन’ (१९४०), ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२). कथा बदलत, नायिकेचं नाव बदलत असे. बाकीचा सरंजाम तोच. दिग्दर्शनाला बहुतेक वेळा होमी, जोडीला बोमन श्रॉफ किंवा पिळदार जॉन कावस, खलनायकीला सयानी आतिश, शिवाय ‘पंजाब का बेटा’ हा घोडा, ‘गनबोट’ हा कुत्रा आणि ‘रोल्स रॉइस की बेटी’ नावाची ऑस्टिन गाडी. आणि नादियाची ती ‘हेऽऽऽय’ अशी आरोळी, जिच्याबद्दल गिरीश कर्नाडांनी पुढे मोठेपणी प्रेमाने लिहिलं. धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी ‘मिस फ्रंटियर मेल’मधली, तिथे नादिया सविता नावाची शहरी, आधुनिक मुलगी आहे. ‘डायमंड क्वीन’मधली मुंबईहून शिकून आलेली मधुरिका तर एका पुरुषाला खडसावून सांगते, की आजच्या बायकांवर हुकमत गाजवता येईल या भ्रमात राहू नका आणि देश स्वतंत्र व्हायचा असेल तर आधी बायकांना स्वतंत्र करा. १९४० साली, ब्रिटिश सेन्सॉरच्या नाकाखाली, हे मारामारीच्या दोन प्रसंगांच्या मध्ये ठेवलेलं आहे. जमशेद वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळलेला माणूस होता, त्यामुळे हे अपघाताने आलेलं नव्हे.

यावर पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नादिया गोरी होती, म्हणून तिला चाललं. मराठी किंवा गुजराती घरातली मुलगी अशी नाचली-लढली असती तर लोकांनी पडदा फाडला असता. यात तथ्य आहे. परकीपणामुळे तिला कुळाच्या अब्रूच्या जोखडातून सूट मिळाली, आणि गोऱ्या राज्यात गोऱ्या बाईने देशी गरिबांच्या बाजूने चाबूक चालवावा यात प्रेक्षकाला वेगळीच मजा आली असेल. पण तिचा गोरेपणा हे चित्रपट पडण्याचं कारण म्हणून १९३५ च्या उन्हाळ्यात सांगितलं गेलं होतं आणि पावसाळ्यानंतर तेच यशाचं कारण झालं. जे कारण दोन्ही निकालांना पुरतं ते फारसं काही समजावून सांगत नाही. शिवाय अँग्लो-इंडियन, ज्यू, युरोपियन नट्यांची तेव्हा वाण नव्हती. पेशन्स कूपर होती, सीतादेवी म्हणून गाजलेली रेने स्मिथ होती. गोरेपणानेच काम भागलं असतं तर प्रत्येक स्टुडिओने एक हंटरवाली उभी केली असती. आणि पुढच्याच वर्षी, १९३६ साली, प्रभातच्या ‘अमर ज्योती’त दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी आली. मुलाचा ताबा नाकारला गेला म्हणून राज्याविरुद्ध समुद्रावर बंड पुकारणारी ही चाचेराणी चांगल्या घरातल्या मराठी बाईने केली, शांतारामबापूंनी दिग्दर्शित केली आणि चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. पडदा कुणी फाडला नाही.

दुसरा आक्षेप जरा अडचणीचा. लोक नादियाचं शौर्य बघायला जात होते की मांड्या? ‘हंटरवाली’त नायक तिला आंघोळ करताना गाठतो, असा प्रसंग आहे, तो काही स्त्रीमुक्तीसाठी घातलेला नव्हता. निर्मात्याला दोन्ही गिऱ्हाइकं हवी होती आणि ती त्याला मिळाली. मात्र नुसत्या अंगप्रदर्शनावर चालणाऱ्या नटीचं हिंदी पडद्यावरचं आयुष्य किती असतं? ‘हंटरवाली की बेटी’च्या (१९४३) वेळी नादिया पस्तिशीची होती आणि पुढेही १९५० च्या दशकभर ती उड्या मारत राहिली. रूढ अर्थाने नाजूक ती कधीच नव्हती. दंड भरलेले, खांदे रुंद. तिला बघायला आलेला प्रेक्षक त्या दंडांनी काय होतं तेही बघत होता. डोळ्यांतली लालसा आणि टाळीतला आनंद एकाच माणसाचे असू शकतात, यात मला विसंगती दिसत नाही.

तिसरा आक्षेप वर्गाचा आहे, आणि तो उघडपणे मांडला जात नसे, नुसता गृहीत धरला जाई. स्टंटपट म्हणजे पुढच्या बाकांवरच्या अडाण्यांची करमणूक. त्यांच्या आवडीवरून समाजाबद्दल काय ठरवायचं? १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी लावलेलं लग्न मनाने मान्य करायला नकार देते. सुशिक्षितांनी तो डोक्यावर घेतला आणि तो मान त्याला शोभतो. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट आजही अंगावर येतो. पण त्याच काळात परळच्या स्टुडिओत बनलेल्या बाईच्या बंडाला त्या वर्गाने बंड म्हटलंच नाही. नीरा सोसते, बोलते, न्याय मागते. माधुरी न्याय मागत नाही, ती परस्पर देऊन मोकळी होते. पहिलीला सामाजिक चित्रपट म्हणायचं आणि दुसरीला पोरखेळ, या वर्गवारीत स्त्रीबद्दलचं मत लपलेलं आहे. पुढच्या बाकांवरच्यांना बाईच्या हातात चाबूक बघून काही वाटलं नाही, लोक चित्तथरारक उड्यांसाठी आले होते आणि उडी कोण मारतंय याची त्यांना पर्वा नव्हती, असा युक्तिवाद काही जण करतात. तो मान्य केला तर वितरकांचं सगळंच मुसळ केरात जातं, कारण पर्वा आहे हेच तर त्यांचं म्हणणं होतं.

हा प्रकार एका देशाचा किंवा एका पिढीचा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मार्व्हलचे आयझॅक पर्लमटर यांनी सोनीच्या मायकल लिंटन यांना एक ईमेल पाठवली. सोनीची संगणकयंत्रणा फोडली गेली आणि पुढच्या वर्षी ती ईमेल जगाला वाचायला मिळाली. स्त्री-नायिकांचे महानायकपट चालत नाहीत हे दाखवायला तिच्यात तीन नावं होती: ‘इलेक्ट्रा’, ‘कॅटवुमन’ आणि ‘सुपरगर्ल’. शेवटचा १९८४ चा, म्हणजे पुरावा शोधायला तीस वर्षं मागे जावं लागलं. सिगर्नी वीव्हरने रिप्लीच्या भूमिकेत १९७९ पासून चार ‘एलियन’पट केले होते आणि दुसऱ्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, हे त्या यादीत कुठे बसणार? अमेरिकेत २०१३ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटांत तिथल्या तिकीटबारीवर सर्वाधिक कमाई ‘हंगर गेम्स’च्या दुसऱ्या भागाने केली होती, तेही वर्षभरापूर्वीचंच. पुरुष महानायकांचे पडलेले चित्रपट मोजायला बसलं तर यादी लांबलचक होईल, पण त्यावरून पुरुष चालत नाहीत असा निष्कर्ष कुणी काढत नाही. पटकथा वाईट होती म्हणतात. ‘वंडर वुमन’ने २०१७ साली ८० कोटी डॉलरांहून अधिक कमावले. ‘द मार्व्हल्स’ २०२३ साली सपाटून आपटला आणि जुनी यादी पुन्हा बाहेर आली.

आता एक गोष्ट मात्र १९३५ पेक्षा वेगळी आहे आणि ती माझ्या मुद्द्याला अडचणीची आहे. ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागांतल्या रे या नायिकेवर तुटून पडलेले लोक वितरक नव्हते, प्रेक्षक म्हणवणारेच होते. ‘द लास्ट जेडाय’नंतर केली मेरी ट्रान या अभिनेत्रीला छळाला कंटाळून २०१८ मध्ये आपलं इन्स्टाग्राम रिकामं करावं लागलं. हा द्वेष खरा आहे. तरी फेब्रुवारी २०१९ मधलं ‘कॅप्टन मार्व्हल’चं प्रकरण बघावं. चित्रपट लागण्याच्या आधीच रॉटन टोमॅटोजवर त्याच्याविरुद्ध शेऱ्यांचा असा भडिमार झाला, की प्रदर्शनापूर्वी शेरे घेण्याची सोयच त्या संकेतस्थळाने बंद करून टाकली. मग चित्रपट आला आणि जगभरात शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेला. ग्रँट रोडच्या चार आणेवाल्याकडे मत नोंदवायला एकच जागा होती, तिकिटाची खिडकी. तिथे पैसे मोजल्याशिवाय त्याला बोलता येत नव्हतं. आज तिकीट न काढलेल्यालाही मत आहे आणि ते सर्वांत आधी ऐकू येतं. परस्पर निकाल देणाऱ्यांच्या बाकावर गर्दी वाढली, एवढंच.

हंटरवाली एवढी चालली तर मग तिच्यामागे दुसऱ्या का आल्या नाहीत, हा उरलेला प्रश्न. काही कारणं तिच्या हाताबाहेरची होती. युद्धकाळात कच्च्या फिल्मचं रेशनिंग आलं, काळा पैसा आला, स्टुडिओ मोडले आणि सगळा व्यवहार मोठ्या नटाच्या नावाभोवती फिरू लागला. स्टंटपट दुय्यम थिएटरांत ढकलला गेला. पण वाडियांच्या घरातच जे घडलं ते जास्त सांगण्याजोगं आहे. पाच-सहा वर्षं नादियाच्या चाबकावर स्टुडिओ चालल्यावर जमशेदला प्रतिष्ठेच्या चित्रपटांची ओढ लागली. १९४१ साली त्याने ‘राज नर्तकी’ इंग्रजीतही काढला. १९४२ साली भाऊ वेगळे झाले. परळची जागा शांतारामबापूंकडे गेली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. होमीने बसंत पिक्चर्स काढली आणि १९४३ साली नादियालाच घेऊन ‘हंटरवाली की बेटी’ केला. तोही चालला. ज्या माणसाने वितरकांना खोटं ठरवलं होतं, तोच सात वर्षांत त्यांच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसला होता, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं. त्याने नादियाच्या यशाचा पैसा मोजला होता. त्या यशाला इज्जत आहे यावर मात्र त्याचाही विश्वास नव्हता.

आणि धंद्याने या दुसऱ्या यशातून काय धडा घेतला? नादिया अजून खपते, एवढाच. बायका खपतात, असा नाही. पुढे प्रत्येक वेळी हेच झालं. १९७२ साली ‘सीता और गीता’त हेमा मालिनीने घरातल्या जुलम्यांना पट्ट्याने बडवलं आणि चित्रपट तुफान चालला, ते हेमाचं यश ठरलं. १९८८ साली ‘खून भरी माँग’च्या शेवटी रेखा घोड्यावरून चाबूक घेऊन आली, ते रेखाचं यश ठरलं. पुरुषाचा चित्रपट चालला की त्याच्यासारखे दहा निघत, बाईचा चालला की तो अपवादांच्या खात्यात जमा होई. खुद्द बसंत पिक्चर्सने १९५० च्या दशकात ‘हातिमताई’ आणि ‘झिंबो’सारखे चित्रपट काढले, ज्यांत उड्या मारायला पुरुष होते. होमी आणि नादिया यांनी १९६१ साली लग्न केलं. १९६८ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ‘खिलाडी’ नावाच्या चित्रपटात ती शेवटची पडद्यावर दिसली. भूमिका मारामारीचीच होती, आणि वितरकांनी त्या वेळी तिच्या वयाबद्दल काही म्हटलं असेल, तर ते त्यांच्या परंपरेला धरूनच होतं.